पाणी कुठवर होतं

नदीचं पाणी कमरेपर्यंत होतं, असं ओतिलिया मावशी सांगायची.
निकानोर मामा म्हणायचा, गळ्यापर्यंत.
बाप काहीच म्हणायचा नाही,
नुसता बूट काढून दाखवायचा:
चामड्यावर एक पांढरट रेघ, घोट्याच्या जरा वर.
ते बूट त्याने ईगल पासला घेतले होते,
नदी ओलांडून चार वर्षं झाल्यावर.
हे मला फार उशिरा कळलं.

दर एप्रिलला आम्ही उत्तरेला निघायचो.
टेक्सास ते मिनेसोटा, ताडपत्रीखाली तीन दिवस,
अठरा माणसं, एक शिवणयंत्र, मिरच्यांचं पोतं.
अंधारात कोण बोलतंय ते दिसायचं नाही,
म्हणून गोष्ट कुणा एकाची नसायची.
एकाच्या हातून सुटलेलं टोक दुसरा उचलायचा.
ओक्लाहोमात मेलेला माणूस
कॅन्ससमध्ये उठून बसायचा, पाणी मागायचा.
मामा म्हणायचा, द्या रे त्याला, लांबून आलाय.
आणि खरंच कुणीतरी तांब्या पुढे करायचं
आणि खरंच कुणीतरी तो रिकामा करून परत द्यायचं.

बीटच्या सऱ्या आभाळाला जाऊन टेकायच्या.
आखूड दांड्याचं खुरपं, त्याच्या पात्याएवढी जागा सोडायची,
मधली रोपं उपटायची, चांगली असली तरी.
मला रडू यायचं.
सगळी ठेवलीस तर एकही धरणार नाही, बाप म्हणायचा,
आणि पुढे सरकायचा, पाठ न उचलता.

शाळेत बाईंनी माझ्या नावाचंही तेच केलं.
एर्लिंदातलं एर उपटलं. राहिली लिंडा.
ती मात्र धरली,
अजून बँकेत तीच आहे.

रविवारी कॅसेट भरायची.
लिहिता येणारी घरात मी एकटी, तेही इंग्रजी,
म्हणून पत्राऐवजी आवाज जायचा
कोआविलाला, सिरिलोकाकाकडे.
लाल बटण दाबणं माझं काम.
बाप घसा खाकरायचा. आम्ही बरे आहोत.
मग थांबायचा.
पंखा. शेजारच्या खोपटातलं भांडण. चालू न होणारा ट्रक.
मी बटणाकडे हात नेला की मनगट धरायचा.
असू दे. त्यालाही ऐकू दे.

ज्या जुलैत फिदेन्सियो गेला, आमचा धाकटा,
त्या रविवारीही बाप म्हणाला, आम्ही बरे आहोत,
आणि कॅसेटची अख्खी बाजू संपेपर्यंत
तसाच बसून राहिला.
टेप खट्कन थांबली तेव्हा आईने दिवा लावला.

काका वारल्यावर चुलतबहिणीने त्या सगळ्या परत पाठवल्या,
बिस्किटांच्या डब्यात, वर कापूस घालून.
ती एक मी शोधून काढली. उलटी करून लावली.
आधी वाटलं, कोरी आहे.
मग कोंबड्या. मग काडी ओढल्याचा आवाज,
आणि कुणीतरी, अगदी जवळ, नाकाने श्वास घेतंय.
तीस मिनिटं. एक शब्द नाही.
माझ्या घराण्यातलं याहून चांगलं लिखाण
मी अजून वाचलेलं नाही.

परवा क्रुकस्टनच्या वाचनालयात कविता वाचल्या.
एकाने विचारलं, तुमच्यावर संस्कार कोणाचे?
मी तीन-चार छापील नावं सांगितली, त्याने ती उतरवून घेतली.
मग नदीची कविता लावली.
पाणी कमरेपर्यंत होतं, इतकंच म्हणाले असेन,
मागच्या रांगेतून काठी आपटली.
एकोणनव्वदीचा निकानोर मामा, उसना कोट, कानात यंत्र:
गळ्यापर्यंत!

सभा हसली. मी नाही.
साठा उत्तरांची कहाणी पाचांत उरकायला निघाले होते,
घरच्यानेच पकडलं.
पेन्सिल काढली, कमर खोडली,
गळा लिहिणार,
तोच बापाचे ते बूट आठवले.

म्हणून तिथे अजून जागा मोकळीच आहे,
एका पात्याएवढी.